खेळाचा तास कोणाचा?

नांदेडच्या वजिराबाद भागात मल्टिपर्पज हायस्कूल आहे. हे नाव शहरात इतके रुळले आहे की त्याचा अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मल्टिपर्पज म्हणजे बहुउद्देशीय. १९५२-५३ साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने बहुउद्देशीय शाळा काढाव्यात अशी शिफारस केली आणि त्यानंतर हा शब्द देशभरातल्या शाळांच्या नावांत शिरला. शास्त्र, शेती, तंत्र, वाणिज्य, कला असे निरनिराळे अभ्यासक्रम एकाच शाळेत असावेत, ही त्यामागची मुख्य कल्पना होती. कारण सगळ्या मुलांची वाट एकच नसते.

आज आपल्या नांदेड-लातूर भागातल्या मोठ्या हायस्कुलांकडे पाहिले, तर उद्देश बराचसा एकवटलेला दिसतो. जानेवारी उजाडला की दहावीच्या वेळापत्रकातली खेळाची तासिका हळूच गणिताकडे किंवा विज्ञानाकडे जाते. यात कोणाची लबाडी नसते. उलट जादा तास घेणारे शिक्षक स्वतःची विश्रांती सोडून शिकवत असतात आणि पालकही त्यांना दुवाच देतात. प्रश्न एवढाच आहे की, या अदलाबदलीत आपण काय मिळवतो आणि काय घालवतो? शिकण्याविषयी आणि शरीराविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याच्या आधारे हा हिशेब मांडून पाहू.

लातूरने काय दाखवले?

या हिशेबाची सुरुवात लातूरपासूनच करायला हवी. १९७० साली स्थापन झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय आणि शहरातील इतर शाळा-महाविद्यालये यांच्यामुळे १९९०च्या दशकात लातूरचे नाव गुणवत्ता यादीत वर्षामागून वर्ष झळकू लागले. पुण्या-मुंबईची समजली जाणारी जागा मराठवाड्यातल्या मुलामुलींनी मिळवली, ही लहान गोष्ट नव्हती. ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द राज्यभर झाले. पुढे परीक्षा मंडळाने गुणवत्ता याद्या प्रसिद्ध करणे बंद केले, तरी हा शब्द टिकून आहे.

या पद्धतीत जादूचे असे काही नव्हते. अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण करायचा, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका लगेच तपासून चुका दाखवायच्या आणि त्या चुकांवर पुन्हा काम करायचे. पण पुढे तिचे अनुकरण सुरू झाले तेव्हा अनेकांच्या नजरेत त्यातला एकच भाग भरला, तो म्हणजे तासांची संख्या. पहाटेचे तास, रात्रीचे तास, रविवारचे तास. जणू जास्त वेळ बसणे हेच यशाचे कारण होते. खरे कारण कोणते असावे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विसरण्याचा उतार

१८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःच्याच स्मृतीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या त्याने पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात, हे मोजले. एका तासानंतर ही बचत सुमारे ४४ टक्के होती, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा उतार सुरुवातीला अगदी खडा असतो आणि नंतर सपाट होत जातो. वर्गातला धडा अर्थपूर्ण असतो, त्यामुळे तो इतक्या वेगाने विसरला जात नाही. पण उताराचा आकार साधारण असाच राहतो.

मग विसरणे थांबवायचे कसे? बहुतेक विद्यार्थी एकच उपाय करतात. धडा पुन्हा वाचतात. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी या उपायाची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. पण एका आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

या प्रयोगातील पहिला निष्कर्षही दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. पुन्हा वाचल्यावर लगेच ‘मला सगळे येते’ असे वाटते आणि त्या क्षणी ते खरेही असते. म्हणूनच मुले, पालक आणि कधी कधी आपणही फसतो. आठवताना कष्ट पडतात, अडखळायला होते, येत नाही असे वाटते. पण ते अडखळणेच स्मृतीची वाट पक्की करते. परीक्षा म्हणजे शिकून झाल्यावर करायचे मोजमाप, असे आपण समजतो. प्रत्यक्षात परीक्षा हीच शिकण्याची एक क्रिया आहे. लातूरच्या सराव परीक्षांचे बळ इथे असले पाहिजे. ते तासांच्या संख्येपेक्षा पुन्हा पुन्हा आठवायला लावण्यात, आणि तेही मधे दिवस जाऊ देऊन, जास्त आहे.

मैदानावरचा जुना नियम

शिक्षणशास्त्राला हे प्रयोगांनी सिद्ध करावे लागले. मैदानावर ते फार पूर्वीपासून सर्वांना ठाऊक आहे. खो-खोच्या सामन्याच्या आदल्या दिवशी कोणताही शहाणा क्रीडाशिक्षक संघाला सलग सहा तास पळवत नाही. पळवले, तर दुसऱ्या दिवशी नऊ मिनिटांच्या आक्रमणात पाय उचलणार नाहीत, हे त्याला कळते. तो महिनोन् महिने रोज थोडा सराव घेतो, चूक झाली की जागच्या जागी शिट्टी वाजवून दाखवतो आणि मधे विश्रांती देतो.

यामागचे शरीरविज्ञान सोपे आहे. व्यायामाने स्नायू लगेच बळकट होत नाही. व्यायामाच्या वेळी तो थकतो आणि त्याच्या तंतूंना किंचित इजाही होते. नवी प्रथिने घालून त्याची डागडुजी होते ती नंतरच्या एक-दोन दिवसांत. बळ वाढते ते विश्रांतीत. ताण आणि विश्रांती यांची जोडी मोडली, तर सराव वाढूनही खेळ खालावतो.

मेंदू म्हणजे स्नायू नव्हे. त्यात तंतू जाड होत नाहीत; चेतापेशींमधले जोड बळकट होतात किंवा दुबळे होतात. तरीही एक साम्य खरे आहे. शिकण्याच्या क्षणी जे जोड तयार होतात ते कच्चे असतात आणि ते पक्के होण्याचे काम नंतर, बरेचसे झोपेत, चालते. शरीराच्या बाबतीत आपण जो अविचार कधी करणार नाही, तो मेंदूच्या बाबतीत दर फेब्रुवारीत करतो.

झोप ही अभ्यासाचाच भाग

१९२४ साली जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दाखवून दिले की, पाठ केल्यानंतर तेवढाच वेळ जागे राहिले तर जास्त विसरते, झोपले तर कमी विसरते. पुढील संशोधनाने त्याचे स्पष्टीकरण दिले. दिवसभराच्या नव्या आठवणी प्रथम मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकतात. गाढ झोपेत त्याच चेतापेशी दिवसातला तोच क्रम पुन्हा पुन्हा जागवतात आणि आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरात स्थिरावू लागतात. झोप कापली की हे काम अर्धवट राहते.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेची २०१६ची शिफारस आहे. त्यातच आणखी एक अडचण असते. वयात येताना झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही, यात आळसाचा भाग असतो त्याहून जास्त शरीराच्या घड्याळाचा असतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. तो लहान मुलांपुरता आहे. हायस्कूलच्या मुलांचे घड्याळ तर आणखी मागे पडलेले असते.

चोवीस तासांचा हिशेब

आता एक काल्पनिक, पण आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे; आदिलाबादकडे जाणारा फाटा तिथून फुटतो. नांदेड वीस-पंचवीस किलोमीटरवर. शिकण्यासाठी रोज ये-जा करणारी मुले या पट्ट्यात नवी नाहीत. समजा, मुदखेडजवळच्या खेड्यातली दहावीची एक मुलगी नांदेडच्या शाळेत जाते. तिचा दिवस असा मांडता येईल: शाळा ६ तास; शिकवणी २ तास; जाणे-येणे आणि गाडीची वाट पाहणे धरून ३ तास; घरचा अभ्यास ३ तास; जेवणखाण, आंघोळ आणि घरातली कामे ३ तास.

बेरीज १७ तास झाली. उरले ७. झोपेची किमान गरज ८ तासांची. म्हणजे खेळाला एक मिनिटही न देता ती आधीच रोज एका तासाच्या उधारीवर आहे. मुदखेडच्या परिसरात फुलशेती बरीच आहे आणि फुलांची तोडणी पहाटेची. अशा घरातली ती असेल तर उधारी आणखी वाढते. आता या दिवसात आपण एक जादा तास घातला, तर तो कुठून येईल? झोपेतूनच. आणि शाळेतली खेळाची तासिका काढून घेतली, तर तिच्या दिवसातला खेळ शून्यावर येतो, कारण तिच्यासाठी शाळेचे मैदान हेच एकमेव मैदान आहे. शहरातल्या मुलाला संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळता येते. तिला येत नाही.

या हिशेबात सैल जागा एकच दिसते, ती म्हणजे घरच्या अभ्यासाचे तीन तास. त्यातला मोठा भाग पुन्हा वाचण्यात जात असेल, तर पुस्तक मिटून आठवण्याचा दीड-दोन तासांचा अभ्यास अधिक फळ देईल. गाडीतला वेळही वाया जायला नको. तिथे पुस्तक उघडण्याचीसुद्धा गरज नाही. एकीने विचारायचे आणि दुसरीने सांगायचे.

सोळा तासिकांची किंमत

आता मैदानाची बाजू. आठवड्याला खेळाच्या दोन तासिका धरल्या, तर जानेवारी-फेब्रुवारीच्या आठ आठवड्यांत सोळा तासिका होतात. त्या गणिताला दिल्याने गुण वाढतात का?

कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्रॉय-रिव्हिएर भागात १९७०च्या दशकात याच्या उलटा प्रयोग झाला. प्राथमिक शाळांतील मुलांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिले आणि त्यासाठी इतर विषयांचा वेळ सुमारे १३-१४ टक्क्यांनी कमी केला. मुलांची अभ्यासातली प्रगती खालावली नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २०१०मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांच्या तपासलेल्या संबंधांपैकी निम्म्यांत फायदा दिसला, जवळजवळ उरलेल्या सगळ्यांत काही फरक दिसला नाही आणि तोटा अगदी क्वचित, दोन टक्क्यांहूनही कमी ठिकाणी दिसला. खेळाने गुण नक्की वाढतात, असे यावरून म्हणता येणार नाही. पण खेळाने गुण घटतात, या भीतीला फारसा आधार नाही, एवढे म्हणता येते.

आणि गमावतो काय? पहिली गोष्ट हाडे. प्रौढ माणसाच्या हाडांतील खनिजांपैकी सुमारे पाव भाग झपाट्याने उंची वाढण्याच्या काळाभोवतीच्या अवघ्या दोन वर्षांत साठतो. मुलींमध्ये हा काळ साधारण सातवी-आठवीत आणि मुलांमध्ये आठवी-नववीत येतो. उड्या मारणे, पळणे, झटकन दिशा बदलणे यांचा ताण हाडांवर पडला की ही साठवण चांगली होते. त्या वयात चुकलेला हप्ता पुढे भरून काढणे कठीण असते.

दुसरी गोष्ट डोळे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना तीन वर्षे रोज चाळीस मिनिटे जादा वेळ उघड्यावर नेले. या काळात त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष निर्माण झाला. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेरचा प्रकाश वर्गातल्या प्रकाशापेक्षा कित्येक पटींनी तेजस्वी असतो आणि त्यामुळे डोळ्याच्या पडद्यात स्रवणारे डोपामिन नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखत असावे, असे मानले जाते. प्रयोग लहान मुलांवरचा आहे, तेव्हा पाचवी-सहावीचे मैदान तरी कोणत्याही कारणाने काढून घेऊ नये.

तिसरी गोष्ट रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना आणि मेंदूला पोचणारा प्राणवायू कमी. अशी मुलगी वर्गात शांत बसलेली असते आणि ‘लक्ष नाही’ एवढाच शेरा मिळवते. मैदानावर मात्र दोन फेऱ्यांत तिला दम लागतो आणि क्रीडाशिक्षकाच्या ते ध्यानात येते. शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी तिने घेतली का, हे विचारण्याची वेळ तीच असते. मैदान बंद झाले की ही खूणही दिसेनाशी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. २०१६च्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले या मापाला उतरत नव्हती. आपल्या आठवड्याच्या दोन तासिका हे माप मुळीच भरत नाहीत. त्याही काढून घेतल्या, तर काय उरते?

मैदान निवडकांचे की सर्वांचे?

मराठवाड्याच्या मातीतून मोठे खेळाडू निघाले आहेत. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर अंतर कापून शाळेत जात असे. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत त्याने ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. नांदेड जिल्ह्यातील गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव हिने टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिम्पिक स्पर्धांत भाग घेतला आणि २०२४मध्ये पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलसोबत भारताचा ध्वज तिच्या हाती होता. अशी नावे मुलांना जरूर सांगावीत. पण मैदानाचा उद्देश असे खेळाडू शोधणे एवढाच मानला, की उरलेली मुले कडेला बसून टाळ्या वाजवणारी होतात. हाडे, डोळे आणि रक्त सर्वांनाच आहे. जी मुलगी कधीच संघात येणार नाही, तिची तासिका हीच खरी खेळाची तासिका.

शाळेतल्या बाकीच्या जीवनालाही हेच लागू आहे. स्नेहसंमेलनातल्या नाटकाचे संवाद पाठ कसे होतात, ते आठवा. पुस्तक मिटून, रोज थोडे, चुकले की सोबती सांगतात. लेझीम अशीच बसते. जी पद्धत विज्ञानाच्या धड्याला लावायला आपण कचरतो, ती मुले स्नेहसंमेलनात आपोआप वापरतात आणि ते संवाद त्यांना वीस वर्षांनीही आठवतात.

वर्गात करून पाहा

१. एक पानभर अपरिचित उतारा निवडा. वर्गाचे दोन गट करा. सर्वांनी तो पाच मिनिटे वाचावा. नंतरची पाच मिनिटे पहिल्या गटाने तो पुन्हा वाचावा. दुसऱ्या गटाने तो झाकून आठवेल तेवढे वहीत लिहावे. एका आठवड्याने न सांगता दहा प्रश्नांची चाचणी घ्या आणि दोन्ही गटांची सरासरी फळ्यावर मांडा. पुढच्या वेळी गटांची अदलाबदल करा. मुलांना उपदेशापेक्षा स्वतःच्या वर्गाचे आकडे जास्त पटतात.

२. विद्यार्थ्यांनी बसलेले असताना मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावी. मग मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावी. नाडी किती लवकर खाली येते, याची नोंद महिनाभर दर आठवड्याला ठेवून आलेख काढावा. नियमित पळणाऱ्यांत हा उतार खडा होत जाताना दिसू शकेल. ज्याला छातीत दुखते, चक्कर येते किंवा फार दम लागतो, त्याला लगेच थांबवावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे.

३. प्रत्येक तासिकेची पहिली पाच मिनिटे मागच्या धड्यांवरच्या पाच प्रश्नांना द्या: एक कालचा, दोन गेल्या आठवड्यातले, दोन गेल्या महिन्यातले. गुण नकोत, उत्तरे लगेच सांगावीत. वर्षाच्या दोनशे दिवसांत एका विषयात अशा हजार प्रश्नांची उजळणी होते आणि त्यासाठी एकही जादा तास लागत नाही.

या तिसऱ्या सूचनेत आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. जूनपासून रोज पाच मिनिटे दिली, तर जानेवारीत खेळाच्या सोळा तासिका मागण्याची पाळी येणार नाही. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आखायला शिक्षक बसतील तेव्हा खेळाच्या तासिका सर्वांत आधी लिहाव्यात, आणि त्या पेन्सिलीने न लिहिता शाईने लिहाव्यात.